सतीश शेट्टी खून प्रकरण

सतीश शेट्टी खून प्रकरण हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे या शहरात १३ जानेवारी २०१० रोजी घडलेले खुनाचे प्रकरण आहे. माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांच्यावर सकाळच्या वेळी भर रस्त्यात धारदार शस्त्रांनी हल्ला करण्यात आला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. मावळातील जमीन व्यवहारांविषयी त्यांनी केलेल्या तक्रारी आणि मृत्यूपूर्वी पोलीस संरक्षणासाठी केलेली मागणी यांमुळे या घटनेची देशभर दखल घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रांतील बातम्यांच्या आधारे या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

प्रकरणाचा तपास प्रथम पुणे ग्रामीण पोलिसांनी आणि नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) केला. सीबीआयने २०१४ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला, पुढे तपास पुन्हा सुरू केला, २०१६ मध्ये प्राथमिक तपासाशी संबंधित दोन पोलीस अधिकाऱ्यांना अटक केली आणि २०१८ मध्ये पुन्हा एकदा तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. संशयाचा धागा आरंभापासून समोर असूनही न्यायालयात टिकणारा पुरावा न मिळालेल्या गुन्ह्यांचे उदाहरण म्हणून या प्रकरणाचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

तळेगाव आणि मावळातील जमीन

तळेगाव दाभाडे हे पुण्याच्या वायव्येस सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर आणि पुणे–लोणावळा लोहमार्गावर वसलेले शहर आहे. छत्रपती शाहूंचे सेनापती असलेल्या दाभाडे घराण्याचे ठाणे म्हणून त्याला ऐतिहासिक महत्त्व आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पैसाफंडाच्या काच कारखान्यामुळे ते स्वदेशी उद्योगाच्या इतिहासातही नोंदले गेले. त्यानंतर दीर्घकाळ तळेगावची ओळख कोरड्या, आरोग्यदायी हवेचे निवांत गाव अशी होती. मावळ तालुक्याचे प्रशासकीय मुख्यालय आणि न्यायालय जवळच वडगाव मावळ येथे आहे.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यावर हे चित्र बदलले. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा मोठा भाग मावळातून जातो. तळेगाव व चाकण परिसरात औद्योगिक वसाहती वाढल्या. जनरल मोटर्सचा मोटार कारखाना २००८ मध्ये तळेगाव येथे सुरू झाला. लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंतच्या पट्ट्यात निवासी प्रकल्प, बंगल्यांच्या वसाहती आणि नगर वसवण्याच्या योजना पुढे आल्या. भातखाचरांच्या व डोंगरउतारांच्या जमिनींना काही वर्षांतच मोठी किंमत आली.

जमिनीचे असे व्यवहार मुख्यतः कागदपत्रांवर उभे असतात. तलाठ्याकडील सातबारा उतारा, फेरफार नोंदी, दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणीकृत खरेदीखते व मुखत्यारपत्रे, महसूल अधिकाऱ्यांचे आदेश आणि मोजणी नकाशे यांतून मालकीची साखळी तयार होते. महाराष्ट्रात कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, विहित परवानगीशिवाय शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन विकत घेता येत नाही. गायरान, वन, वतन किंवा शासनाने प्रदान केलेल्या जमिनींच्या हस्तांतरावर वेगळे निर्बंध आहेत. त्यामुळे एखाद्या व्यवहारात बनावट मुखत्यारपत्र वापरले गेले किंवा शासकीय जमीन खासगी म्हणून दाखवली गेली, तर त्याचा माग बहुधा सरकारी कार्यालयातील कागदांतच सापडतो.

माहिती अधिकाराचे साधन

हे कागद सामान्य नागरिकाच्या हाती येण्याचा मार्ग माहिती अधिकाराने सुकर केला. महाराष्ट्रात २००२ चा राज्य माहिती अधिकार अधिनियम आधीच अस्तित्वात होता. त्याच्या प्रभावी अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे यांनी आंदोलन केले होते. केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्यानुसार दहा रुपये शुल्क भरून कोणीही नागरिक अर्ज करू शकतो. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे जन माहिती अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. मिळालेल्या प्रमाणित प्रती पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात सादर करता येतात.

या व्यवस्थेत अर्जदाराला स्वतःचा संपर्काचा पत्ता मात्र द्यावा लागतो. कोणत्या जमिनीचे कागद कोण मागत आहे, हे संबंधित कार्यालयातून बाहेर पोहोचू शकते. लहान शहरात, जिथे कार्यालयीन कर्मचारी, दलाल, विकासक आणि अर्जदार एकमेकांना ओळखतात, तेथे ही बाब विशेष जोखमीची ठरते.

सतीश शेट्टी यांचे कार्य

सतीश शेट्टी हे तळेगाव दाभाडे येथील रहिवासी होते. अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी चळवळीशी त्यांचा संबंध होता. माहिती अधिकार कायद्याचा वापर करून तळेगाव, लोणावळा व आसपासच्या परिसरातील शासकीय जमिनींवरील अतिक्रमणे, बेकायदा बांधकामे आणि संशयास्पद जमीन व्यवहार उजेडात आणणे हे त्यांच्या कामाचे मुख्य क्षेत्र होते.

कार्यालयांतून कागदपत्रे मिळवणे, त्यांतील विसंगती शोधणे, त्यावर महसूल व पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रारी करणे आणि आवश्यक तेथे न्यायालयात दाद मागणे, अशी त्यांच्या कामाची पद्धत होती. आरोप सरकारी दप्तरातील कागदांवर आधारलेले असल्याने त्यांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करणे कठीण होते. त्यामुळेच त्यांच्याशी हितसंबंधांचा संघर्ष असलेल्या व्यक्तींची संख्याही वाढत गेली.

लोणावळा येथील तक्रार आणि संरक्षणाची मागणी

ऑक्टोबर २००९ मध्ये शेट्टी यांच्या तक्रारीवरून लोणावळा येथे गुन्हा नोंदवण्यात आला. मावळ तालुक्यातील ताजे व पिंपळोली या गावांच्या परिसरातील जमीन बनावट कागदपत्रांच्या आधारे हस्तगत केल्याचा आरोप त्यात होता. आय.आर.बी. इन्फ्रास्ट्रक्चर या रस्ते-बांधकाम क्षेत्रातील कंपनीशी संबंधित आर्यन इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीच्या जमीन खरेदीशी ही तक्रार निगडित होती. कंपनीने गैरव्यवहाराचे आणि पुढे खुनाच्या संदर्भात झालेले आरोपही नाकारले.

या काळात आपल्या जिवाला धोका असल्याचे शेट्टी यांनी पोलिसांना कळवले होते आणि नोव्हेंबर २००९ मध्ये लेखी स्वरूपात संरक्षणाची मागणी केली होती. त्यांना संरक्षण मिळाले नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांचा खून झाला. संरक्षणाच्या या अर्जामुळे प्रकरणात दोन वेगळे प्रश्न निर्माण झाले. खून कोणी केला हा पहिला, तर पूर्वसूचना असूनही तो टाळता का आला नाही हा दुसरा.

खून

१३ जानेवारी २०१० रोजी, बुधवारी, शेट्टी नेहमीप्रमाणे सकाळी फिरण्यासाठी घराबाहेर पडले होते. सकाळी सातच्या सुमारास, वाटेत वृत्तपत्र घेण्यासाठी थांबले असता चेहरे झाकलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर धारदार शस्त्रांनी वार केले आणि ते पसार झाले. गंभीर जखमी झालेल्या शेट्टी यांचा मृत्यू झाला. मृत्युसमयी ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या बंधूंनी पुढील अनेक वर्षे तपास आणि न्यायालयीन कार्यवाही यांचा पाठपुरावा केला.

घटनेनंतर तळेगावात आणि राज्यात इतरत्र निषेध व्यक्त झाला. अण्णा हजारे यांच्यासह अनेक सामाजिक कार्यकर्त्यांनी निष्पक्ष तपासाची मागणी केली.

तपास

पुणे ग्रामीण पोलीस

घटना घडली तेव्हा तळेगाव दाभाडे पोलीस ठाणे पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या अधिकारक्षेत्रात होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्थापन झाल्यावर ते त्या आयुक्तालयाकडे गेले. स्थानिक पोलीस ठाण्याबरोबरच ग्रामीण पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेने तपासात भाग घेतला. पोलिसांनी एका वकिलासह काही जणांना अटक केली. स्थानिक पातळीवरील वादातून खून झाला असावा, असा या तपासाचा रोख होता.

या दिशेवर शेट्टी यांच्या कुटुंबीयांनी व सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. मोठ्या जमीन व्यवहाराविषयीची तक्रार, तिच्यानंतरच्या धमक्या आणि संरक्षणाचा अर्ज यांचा पुरेसा मागोवा घेतला जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या पोलीस दलाकडे संरक्षणाची मागणी करण्यात आली होती त्याच दलाकडे खुनाचा तपास असणे, हाही आक्षेपाचा मुद्दा होता. अटक केलेल्यांविरुद्धचे हे प्रकरण पुढे सीबीआयच्या तपासात टिकले नाही.

उच्च न्यायालयाची दखल आणि तपासाचे हस्तांतर

खुनाची बातमी प्रसिद्ध झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि तिचे रूपांतर जनहित याचिकेत केले. अशा कार्यवाहीत न्यायालय स्वतः तपास करत नाही. ते तपास यंत्रणेकडून प्रगतीचे अहवाल मागवते, उणिवा दाखवते आणि आवश्यक वाटल्यास तपास दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवते. २०१० मध्येच हा तपास सीबीआयकडे गेला.

दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियम, १९४६ च्या कलम ६ नुसार सीबीआयला एखाद्या राज्यात तपास करण्यासाठी सामान्यतः त्या राज्य शासनाची संमती लागते. मात्र उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय अशा संमतीविनाही तपास सोपवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पश्चिम बंगाल राज्याच्या एका प्रकरणात १७ फेब्रुवारी २०१० रोजी स्पष्ट केले होते. हा अधिकार अपवादात्मक परिस्थितीतच वापरावा, असेही त्या निकालात म्हटले आहे.

सीबीआयचा पहिला तपास (२०१०–२०१४)

सीबीआयने खुनामागील हेतूचा शोध घेताना मावळातील जमीन व्यवहारांकडे लक्ष वळवले. या तपासात सत्यशोधन चाचणीचाही अवलंब झाल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. अशा चाचणीचे मूल्य मर्यादित असते. सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी दिलेल्या निकालानुसार नार्को, सत्यशोधन व मेंदू-नकाशा चाचण्या संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा म्हणून ग्राह्य नसतो. चाचणीच्या आधारे नंतर एखादी वस्तू किंवा माहिती प्रत्यक्ष हाती लागली, तरच तिचा उपयोग होऊ शकतो. एखाद्याची उत्तरे संशयास्पद वाटणे आणि त्याच्याविरुद्ध खटला उभा राहणे यांत त्यामुळे मोठे अंतर राहते.

ऑगस्ट २०१४ मध्ये सीबीआयने वडगाव मावळ येथील न्यायालयात तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. खटला चालवण्याइतका पुरावा उपलब्ध नसल्याचे कारण त्यात देण्यात आले. शेट्टी यांच्या कुटुंबीयांनी या निर्णयाबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली.

पुढील तपास (२०१५–२०१८)

खुनाचा तपास थांबत असतानाच जमीन प्रकरणाचा तपास मात्र पुन्हा सुरू झाला. स्थानिक पोलिसांनी ते प्रकरण आधी बंद केले होते. ते पुन्हा उघडण्याची परवानगी सीबीआयने मिळवली. जानेवारी २०१५ मध्ये सीबीआयने संबंधित कंपनीच्या व इतर ठिकाणी छापे घालून कागदपत्रे जप्त केली. त्यानंतर खुनाच्या प्रकरणातही पुढील तपास हाती घेण्यात आला.

एप्रिल २०१६ मध्ये सीबीआयने पुणे ग्रामीण पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेत त्या वेळी कार्यरत असलेल्या एका निरीक्षकासह दोन पोलीस अधिकाऱ्यांना अटक केली आणि त्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. खुनाच्या प्राथमिक तपासात पुराव्यांशी छेडछाड करून तपासाची दिशा बदलल्याचे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. आरोपपत्रातील मजकूर हे तपास यंत्रणेचे म्हणणे असते. ती न्यायालयाने सिद्ध मानलेली बाब नसते.

एप्रिल २०१८ मध्ये सीबीआयने पुरेशा पुराव्याअभावी खुनाचा तपास बंद करण्याचा अहवाल दुसऱ्यांदा दिला. प्रत्यक्ष वार करणारे कोण होते आणि त्यांना कोणी पाठवले होते, या दोन्ही प्रश्नांची न्यायालयात मांडता येतील अशी उत्तरे आठ वर्षांच्या तपासातून मिळाली नाहीत.

जमीन प्रकरण

शेट्टी यांच्या २००९ च्या तक्रारीवरून निर्माण झालेले जमीन प्रकरण कायद्याच्या दृष्टीने खुनापासून स्वतंत्र आहे. या प्रकरणात सीबीआयने २०१८ च्या सुरुवातीस कंपनीशी संबंधित व्यक्ती व इतरांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. कंपनीने आरोप अमान्य केले.

दोन्ही प्रकरणांतील पुराव्याचे स्वरूप मुळातच वेगळे होते. जमीन प्रकरणाचा आधार नोंदणीकृत दस्तऐवज होते. ते कार्यालयात जतन झालेले होते आणि काही वर्षांनंतरही तपासता येत होते. खुनाच्या पुराव्याचे तसे नव्हते. घटनास्थळ, साक्षीदारांची स्मृती, शस्त्रे आणि हल्लेखोरांच्या हालचालींच्या खुणा वेळीच जतन न झाल्यास पुन्हा मिळत नाहीत.

तपासातील अडचणी

प्राथमिक टप्प्याचे महत्त्व

खुनाच्या तपासात पहिले काही दिवस निर्णायक मानले जातात. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मृतदेहाचा पंचनामा व शवविच्छेदन, रक्ताचे व मातीचे नमुने, प्रत्यक्षदर्शींचे जबाब आणि संशयितांची ओळखपरेड ही कामे या काळात व्हावी लागतात. हल्लेखोरांनी चेहरे झाकलेले असतील तर ओळखपरेडीचा उपयोग कमी होतो. मग वाहन, शस्त्र आणि दूरध्वनी संपर्क यांवर भर द्यावा लागतो.

दूरध्वनी कंपन्यांवर संभाषणांच्या नोंदी जपून ठेवण्याचे बंधन त्या काळी किमान एक वर्षाचे होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षे करण्यात आले. एखाद्या संशयिताकडे आरंभी लक्ष गेले नाही आणि त्याच्या नोंदी मागवल्या गेल्या नाहीत, तर काही वर्षांनी सुरू होणाऱ्या तपासाला त्या मिळण्याची खात्री नसते.

सुपारी देऊन केलेला खून

हल्ला भाडोत्री मारेकऱ्यांकडून झाला असेल, तर सूत्रधारापर्यंत पोहोचण्यासाठी किमान दोन दुवे सिद्ध करावे लागतात. पहिला घटनास्थळापासून मारेकऱ्यापर्यंतचा आणि दुसरा मारेकऱ्यापासून त्याला काम देणाऱ्यापर्यंतचा. दुसरा दुवा बहुधा मध्यस्थांमार्फत आणि रोख व्यवहाराने जोडलेला असतो. म्हणून अशा खटल्यांत माफीच्या साक्षीदारावर बरेच अवलंबून राहावे लागते. पहिलाच दुवा निखळला, तर कोणाला फायदा होता एवढेच सांगता येते. पुराव्याच्या कायद्यानुसार हेतू ही संबद्ध बाब आहे, परंतु केवळ हेतूवरून दोषसिद्धी होत नाही.

तपास बंद करण्याचा अहवाल

तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयाला जो अहवाल देतात, त्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १७३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. पुरावा असल्यास आरोपपत्र आणि नसल्यास तपास बंद करण्याचा अहवाल दाखल होतो. महाराष्ट्र पोलिसांच्या कामकाजात अशा अहवालांना ‘समरी’ म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही तेव्हा ‘अ’ समरी, तक्रार जाणूनबुजून खोटी असेल तेव्हा ‘ब’ समरी आणि तक्रार गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तेव्हा ‘क’ समरी मागितली जाते.

असा अहवाल म्हणजे अंतिम निकाल नसतो. दंडाधिकारी तो स्वीकारू शकतात, नाकारू शकतात किंवा पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात. भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये, अहवाल स्वीकारण्यापूर्वी मूळ फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा दंडक घालून दिला. फिर्यादी या टप्प्यावर निषेध अर्ज करू शकतो. संहितेतील पुढील तपासाच्या तरतुदीमुळे नवा पुरावा मिळाल्यास बंद झालेला तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादाही नाही.

समान स्वरूपाची इतर प्रकरणे

शेट्टी यांच्या खुनानंतर २०१० मध्येच महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील विठ्ठल गीते आणि इचलकरंजी येथील दत्ता पाटील या कार्यकर्त्यांचेही मृत्यू झाले. त्यामुळे माहिती अधिकार कार्यकर्त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न राज्यपातळीवर चर्चेत आला. देशातील इतर काही प्रकरणांच्या तपासाशी तुलना केल्यास तळेगाव प्रकरणातील अडचणी अधिक स्पष्ट होतात.

सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पातील गैरप्रकारांची तक्रार करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा २७ नोव्हेंबर २००३ रोजी बिहारमधील गया येथे खून झाला. तक्रारीमुळेच खून झाला असावा, असा सार्वत्रिक समज होता. सीबीआयच्या तपासात मात्र लुटीच्या उद्देशाने खून झाल्याचा निष्कर्ष निघाला आणि मार्च २०१० मध्ये पाटणा येथील न्यायालयाने तिघांना जन्मठेप दिली.

गुजरातमध्ये गीर परिसरातील बेकायदा खाणकामाविरुद्ध लढणारे अमित जेठवा यांची २० जुलै २०१० रोजी अहमदाबाद येथे उच्च न्यायालयासमोर गोळी घालून हत्या झाली. राज्य पोलिसांच्या तपासावर आक्षेप घेतले गेल्यानंतर उच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे सोपवला. खटल्यात मोठ्या संख्येने साक्षीदार फितूर झाल्याने २०१७ मध्ये फेरसुनावणीचा आदेश झाला. जुलै २०१९ मध्ये एका माजी खासदारासह सात जणांना जन्मठेप झाली. मे २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली.

भोपाळ येथील कार्यकर्त्या शेहला मसूद यांची १६ ऑगस्ट २०११ रोजी घराबाहेर गोळी घालून हत्या झाली. त्यांच्या कार्यामुळे ही हत्या झाल्याचा प्रथम अंदाज होता. सीबीआयच्या तपासातून वैयक्तिक कारण पुढे आले. एक आरोपी माफीचा साक्षीदार झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये इंदूर येथील विशेष न्यायालयाने चौघांना जन्मठेप सुनावली.

दुबे व मसूद प्रकरणांत तपासाअंती निघालेला हेतू लोकांनी गृहीत धरलेल्या हेतूपेक्षा वेगळा होता. जेठवा प्रकरणात दोषसिद्धी झाली, पण ती अपिलात टिकली नाही. या तिन्ही प्रकरणांत निदान पुरावा खुल्या न्यायालयात मांडला गेला आणि त्याची उलटतपासणी झाली. सीबीआयने खुनाचा तपास दोनदा बंद करण्याची शिफारस केल्याने शेट्टी प्रकरणात मारेकरी व सूत्रधार यांच्याविषयीचा पुरावा तसा तपासला गेला नाही. त्यामुळे जमीन व्यवहाराचा खुनाशी संबंध होता की नव्हता, यांपैकी कोणतेही विधान सिद्ध मानता येत नाही. ज्यांच्यावर संशय घेतला गेला, त्यांच्या दृष्टीनेही ही स्थिती असमाधानकारकच आहे.

परिणाम

शेट्टी आणि त्यानंतरच्या प्रकरणांमुळे माहिती मागणाऱ्यांच्या संरक्षणासाठी काही उपाय पुढे आले. केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये एक ठराव केला. अर्जदारावर हल्ला झाला किंवा त्याचा खून झाला, तर त्याने मागितलेली माहिती संबंधित कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे त्यात म्हटले होते. माहिती दडपण्यासाठी हल्ला करणाऱ्याचा उद्देशच निष्फळ व्हावा, ही त्यामागील भूमिका होती. कलकत्ता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये, अर्जदाराने घरच्या पत्त्याऐवजी टपाल पेटी क्रमांक दिल्यास तो पुरेसा मानावा, असे निर्देश दिले. केंद्र शासनाने त्याविषयी विभागांना सूचना दिल्या.

भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा जागल्या संरक्षण अधिनियम २०१४ मध्ये मंजूर झाला. तथापि मंजुरीनंतर दशक उलटले तरी तो अमलात आणण्याची अधिसूचना निघाली नाही. २०१५ मध्ये त्यात बदल सुचवणारे विधेयक लोकसभेत संमत झाले, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. साक्षीदारांच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून ती देशभर लागू केली. या योजनेत धोक्याचे मूल्यमापन करून ठराविक मुदतीत संरक्षण देण्याची पद्धत आहे. माहिती अधिकार अर्जदार साक्षीदार नसल्यास तो मात्र या योजनेच्या कक्षेत येत नाही. शेट्टी यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ज्या स्थितीत संरक्षण मागितले, ती स्थिती अशीच होती.

हेही पाहा

तळेगाव दाभाडे
मावळ तालुका
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५
केंद्रीय अन्वेषण विभाग
जनहित याचिका
सत्येंद्र दुबे